बी साइड

"ते नाही का, ढुंग ढुंग ढ्याक, ढुंग ढुंग ढ्याक… मग मधेच एक बाई किंचाळते, आणि परत ढुंग ढुंग!"

काउंटरच्या पलीकडे उभा राहून नेल्सन पारधे हे सगळं हातवाऱ्यांसकट करून दाखवत होता. रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं थबकले होते. मागे स्टुलावर बसलेल्या पपांनी हसू लपवायला पेपर तोंडासमोर धरला.

"किंचाळते का गाते?" मी विचारलं.

"ते तूच ठरव बाई. आपल्याला नाचायला येतं, एवढं खरं."

मी फळीवरून लाल कव्हरची कॅसेट काढली, डेकमध्ये टाकली, थोडी पुढे नेली आणि बटण दाबलं. ढुंग ढुंग ढ्याक.

"हेच! हेच राव!" नेल्सन काउंटरवर थाप मारून म्हणाला. "कसं काय ओळखतेस तू? जादूटोणा करतेस का काय?"

जादूटोणा कसला. नगरच्या माळीवाड्यातल्या आमच्या 'शालोम म्युझिक'मध्ये सगळी गिऱ्हाइकं अशीच यायची. बाहेर पाटी होती, 'आपल्या आवडीची गाणी भरून मिळतील'. हिंदी गाणी लोक मुखडा म्हणून सांगायचे, पण नव्वद सालानंतर केबलवर ती इंग्रजी गाणी सुरू झाली आणि पंचाईत झाली. नाव कुणाला ठाऊक नाही, गाणाऱ्याचं नाव त्याहून नाही. मग कुणी शिट्टी वाजवायचं, कुणी काउंटरवर ठेका धरायचं, एकजण तर गिटार वाजवल्याचा अभिनय करून घामाघूम व्हायचा. आणि मी, चर्चच्या गायनमंडळात लहानपणापासून मुख्य चालीला साथ देणाऱ्या दुसऱ्या आवाजात गाणारी रूथ साळवे, नेमकं गाणं काढून द्यायची. दुसऱ्या आवाजात गाणाऱ्याला आपलं सांभाळून दुसऱ्याचं ऐकावं लागतं, त्यामुळे कान तयार होतो. मला त्याचा गर्व होता. वीस वर्षांच्या मुलीला दुसरं काय असतं गर्व करायला!

नेल्सन आमच्याच चर्चच्या तरुण संघातला. एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. उंच, सावळा, कायम हसतमुख, आणि सुरांच्या बाबतीत पूर्ण बहिरा. चर्चमध्ये तो गायला लागला की पुढच्या बाकावरचे लोक मान वळवून बघायचे. पण नाचायला उभा राहिला की बघत राहावं. नाताळच्या कार्यक्रमात त्यानं एकदा चालू ठेक्यावर असा काही नाच केला होता की खुद्द पाळकसाहेबांचा पाय हलत होता. मी पाहिलंय.

त्या जूनपासून तो दर महिन्याला एक कॅसेट भरून घ्यायला लागला होता. पहिल्याच वेळी ए साइडची गाणी नाचून, ओरडून सांगून झाल्यावर म्हणाला, "बी साइडला तू भर."

"मी? काय भरू?"

"तुला आवडतील ती. एक बाजू माझी, एक तुझी. बघू तरी तुझी आवड काय आहे."

आता सांगायला हसू येतं, पण त्या एका वाक्यावर मी सहा महिने जगले. माझी आवड बघायची होती त्याला! घरात माझी आवड कुणी विचारली नव्हती. मम्मी गेल्यापासून पपा दुकानात बुडालेले. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी नाओमीताई मिरजेच्या इस्पितळात नर्स, वर्षातून दोनदा घरी यायची. आणि हा माणूस काउंटरवर कोपर टेकून म्हणत होता, बघू तरी.

मी भरली ती बाजू. जीव ओतून भरली. कॅसेट भरणं म्हणजे काय, ते आता बोटानं गाणी पुढे ढकलणाऱ्यांना कळणार नाही. जेवढ्या वेळाचं गाणं, तेवढा वेळ तिथं बसायचं. पपांचा नियमच होता, भरणाऱ्यानं पूर्ण ऐकायचं, मध्ये उठायचं नाही. त्यामुळे माझी बी साइड मी त्याच्यासाठी शब्दशः बसून ऐकलेली असायची. संथ गाणी, पियानोची, एकट्या गिटारची. त्यात एका बाईचं गाणं होतं, खालच्या आवाजातलं. मागे नुसता पियानो, ड्रम येतात ते अगदी शेवटच्या कडव्याला. अर्थ साधा होता: मी इथेच आहे, दार उघडंच आहे, आणि तू दर वेळी पुढे निघून जातोस. ते मी प्रत्येक कॅसेटवर बी साइडला पहिलं घालायची. दर महिन्याला, न चुकता. याहून जास्त स्पष्ट बोलणं मला जमण्यासारखं नव्हतं.

"कशी वाटली?" पुढच्या खेपेला मी डेकचं झाकण पुसत विचारायची.

"एकदम फर्स्ट क्लास! बी साइडला तर तोड नाही."

"पहिलं गाणं?"

"अगं, पहिलं तर काय, कमालच!"

मग तो पुढचं ढुंग ढ्याक सुरू करायचा, आणि मी दिवसभर कुणाच्या तरी कॅसेटवर भलतंच गाणं भरून ठेवायची. पपा म्हणायचे, "रूथ, लक्ष कुठंय?" लक्ष कुठं होतं ते सगळ्या माळीवाड्याला दिसत असेल. ज्याला दिसायला पाहिजे, तो तेवढा नाचत होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताई रजेवर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गच्चीवर नाताळच्या करंज्या करत बसलो होतो. ती लाटत होती, मी भरत होते. इस्पितळाच्या गप्पा झाल्या. मस्कतच्या नोकरीचं मी विचारलं. दोन वर्षं ती त्या नोकरीच्या मागे होती. मुलाखत झाली होती, निवड झाली होती, फेब्रुवारीत जायचं होतं. लहानपणापासून तिचं एकच, आपण विमानात बसायचं, दूर जायचं. मिरजेच्या खोलीतही तिनं भिंतीवर समुद्राचं चित्र लावलं होतं.

"थांब, तुला एक ऐकवते," ती म्हणाली. हात पदराला पुसून तिनं पिशवीतून वॉकमन काढला. कानाला लावायच्या तारेचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, एक माझ्या. माझे हात पिठाचे, म्हणून तिनंच घातलं, लहानपणी कानातलं घालायची तसं.

पियानो सुरू झाला. मग ती बाई गायला लागली.

माझ्या हातात अर्धी मिटलेली करंजी होती. ती तशीच राहिली.

"एका माणसानं भरून पाठवली आहे," ताई हळूच म्हणाली. तिच्या गालांवर मी कधी न पाहिलेला रंग होता. "दर महिन्याला पाठवतो. मे महिन्यातल्या चर्चच्या शिबिरात खरी ओळख झाली. तेव्हा मला तो नुसता उडाणटप्पू वाटला होता गं. सारखी बडबड, सारखा नाच. पहिली कॅसेट आली तेव्हा ए साइड ऐकून वाटलं, बरोबर, हाच तो. टाकूनच देणार होते. मग सहज उलटी केली."

दुसरं गाणं सुरू झालं, एकट्या गिटारचं. तेही माझंच.

"रात्रपाळी करून खोलीवर येते ना, अंग आंबलेलं असतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. तेव्हा ही बाजू लावते. वाटतं, इतकं आतलं कळणारा माणूस वरून बडबड्या का राहतो? लाजत असेल. काही पुरुष असतात तसे." ती हसली. "तुला कळलंच असेल कोण ते. आपल्याच दुकानातून भरून घेतो ना तो. पपांच्या कानावर जायला नको म्हणून तुला सांगितलं नव्हतं. रागावलीस?"

"नेल्सन," मी म्हणाले. नाव तोंडातून सरळ बाहेर आलं, याचंच नवल.

"हो. त्यानं लग्नाचं विचारलंय. आणि रूथ, मी मस्कतला नाही म्हणून कळवलं."

"कधी?"

"परवा. निघायच्या आधी. माझ्या जागी त्यांनी दुसरी घेतलीसुद्धा. मेट्रन केवढी ओरडली! म्हणाली, अशी संधी लाथाडतेस एका पोरासाठी? मी म्हटलं, पोरासाठी नाही, मला समजून घेणाऱ्या माणसासाठी." तिनं वॉकमन बंद केला आणि माझ्याकडे वळली. डोळे इतके चमकत होते की बघवेना. "तू तर समोर असतेस. सांग ना, कशी निवडतो तो ती गाणी? ही बाजू निवडताना कसा दिसतो?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी करंजीची कड दुमडायला घेतली. ताईचं मस्कतला नाही म्हणून झालं होतं. तिची जागा गेली होती. आता मी तोंड उघडून तिला काय देणार होते? ना मस्कत, ना तो माणूस.

"गप्प बसतो," मी म्हणाले. "डोळे मिटून. एकेक गाणं ऐकतो, मग सांगतो, हे घे."

"मला वाटलंच होतं," ताई म्हणाली, आणि तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून माझ्या कपाळाचा मुका घेतला.

मग सगळं भराभर झालं. पारध्यांकडची माणसं येऊन गेली. पपांनी हो म्हटलं, इतक्या मोकळेपणानं की मला त्यांचाही राग आला. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत जाहीर वाचन होतं, वधू-वरांची नावं घेऊन पाळक विचारतात, या विवाहाला कुणाची रास्त हरकत असेल तर त्यानं सांगावं. मी गायनमंडळात, मंडळीकडे तोंड करून उभी. पाळकसाहेब नावं वाचून चष्म्यावरून सगळीकडे नजर फिरवायचे. ती माझ्यावरून गेली की मी गीतांच्या पुस्तकाचं पान उलटायची. हरकत होती ना! आख्ख्या चर्चमध्ये हरकत असलेली एकटी मीच होते, पण ती रास्त कुठे होती? मग ऑर्गन सुरू व्हायचा आणि मी माझा दुसरा आवाज लावायची. तिसऱ्या रविवारी तोही लागला नाही, नुसते ओठ हलवले.

त्याच दिवशी उपासना सुटल्यावर नेल्सनने मला फाटकाजवळ गाठलं.

"रूथ, लग्नाची कॅसेट तूच भरायची. नव्वद मिनिटांची घे. दोन्ही बाजूंना डान्स! सगळी माझी, गेल्या सहा महिन्यांतली निवडून. कारखान्यातली पोरं येणारेत, हॉल हादरला पाहिजे."

"बी साइडला थोडी हळू गाणी ठेवू या," मी म्हणाले. "ताईला आवडतात."

"अगं, लग्न आहे का शोकसभा?"

"एक तरी."

तो हसला. इतकं निर्मळ हसला की त्याच्यावर रागवताही येईना. "तुला खरं सांगू? ती बी साइड मी कधी ऐकलीच नाही. पहिल्या वेळी लावली, दोन मिनिटांत झोप लागली. पण तुझी बहीण आहे ती, तिला काय आवडतं ते तुला ठाऊक असणारच, म्हणून तर तुला भरायला लावली. आणि बघ, लागू पडली का नाही?" त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "तुझे उपकार आहेत बाई. ती नाहीतर मला कुठली हो म्हणायला!"

तो गेला. मी फाटकापाशी उभी राहिले. लोक आमच्या रीतीनं "सलाम" करत पुढून जात होते, मी मान हलवत होते. सहा महिने मी एका माणसाशी बोलत होते आणि त्यानं एक शब्द ऐकला नव्हता. फर्स्ट क्लास म्हणायचा ते तोंडदेखलं; तो खोटारडा नव्हता. त्याला फक्त झोप लागली होती. रडू नंतर आलं, दुकानात, डेकसमोर. पपांनी पाहिलं आणि बहीण सासरी जाणार म्हणून रडते असं समजून चहा मागवला.

कॅसेट भरली मी. ए साइडला बाईची किंचाळी, शिट्ट्या, ढोलासारखे ते ठेके, सगळं जिथल्या तिथं. खरं सांगायचं तर गाणी वाईट नव्हती. आजही कुठल्या हॉलमध्ये नव्वदीतली म्हणून ती वाजतात तेव्हा माझ्या वयाच्या जाड्या बायकाही खुर्ची सोडून उठतात, आणि मलाही उठावंसं वाटतं. बी साइडही तशीच भरत आणली. पण शेवटी मनात आलं, ताई वाट बघेल. नव्या नवरीनं नवऱ्याच्या कॅसेटमध्ये आपलं गाणं शोधावं आणि ते नसावं, हे मला बघवलं नसतं. म्हणून ए साइड संपून कॅसेट उलटी झाली की पहिलं तेच लागेल असं, मी तिथलं आधीचं पुसून ते पियानोचं गाणं घातलं. तेवढं एक. तिला वाटेल, त्यानं आठवणीनं ठेवलं. आपण सांगितलेलं खोटं निदान एक दिवस तरी खरं व्हावं, एवढंच मनात होतं.

लग्न लागलं. पांढऱ्या साडीत ताई अशी दिसत होती की पपा तिच्याकडे न बघता छताकडे बघत होते. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये पार्टी झाली. केक, वेफर्स, मटण-पुलाव, आणि मंचाच्या कडेला नेल्सनच्या एका मित्राच्या ताब्यात भलामोठा कॅसेट प्लेअर. ए साइडला हॉल खरंच हादरला. नेल्सन कोट काढून मध्ये उतरला होता, कारखान्यातली पोरं भोवती. ताई खुर्चीत बसून बघत होती, हसत होती, आणि मी तिच्या शेजारी तिच्या साडीच्या निऱ्या सांभाळत होते.

बाजू संपली. मित्रानं कॅसेट उलटी केली. क्षणभर नुसती खरखर, मग पियानो.

ताईनं माझा हात घट्ट धरला. "बघ," ती म्हणाली, "ठेवलं त्यानं." ती खुर्चीतून अर्धी उठली, चेहरा नेल्सनकडे. तो तिच्याकडे वळेल, येईल, हात पुढे करेल, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

नेल्सन हात वर करून थांबला होता. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"ए! हे काय रडकं लावलं रे?" तो मंचाकडे ओरडला. "हे कुठनं आलं मध्येच? पुढे घे, पुढे!"

"तुझीच कॅसेट आहे ना?" मित्र म्हणाला.

"हे नव्हतं सांगितलं मी. जन्मात ऐकलं नाही असलं. पुढे घे राव!"

पोरं हसली. मित्रानं बटण दाबलं, ती बाई चिरक्या आवाजात पळाली, आणि ढुंग ढुंग ढ्याक सुरू झालं.

ताई खाली बसली. हात अजून माझ्या हातातच होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळी तूच निवडलीस?"

"हो."

"त्यातलं एकही त्यानं नाही?"

"नाही, ताई."

तिनं मान हलवली, पेशंटचा ताप बघून हलवावी तशी. मेंदी लावलेल्या बोटांनी तिनं पदर सारखा केला. समोरून कुणीतरी काकू आल्या, त्यांना तिनं हसून "सलाम" केला, पाकीट घेतलं, माझ्याकडे दिलं. काकू गेल्या.

"मग तू ती कुणासाठी भरत होतीस गं?" तिनं विचारलं.

माझी नजर आपोआप समोर गेली. घामानं चिंब झालेला नेल्सन दोन्ही हात पसरून गोल फिरत होता, आणि त्या अख्ख्या हॉलमध्ये त्याच्याइतकं सुखी दुसरं कुणी नव्हतं.

ताईनं मी कुठं बघतेय ते बघितलं. पुन्हा तिनं मला काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरच्या इतक्या वर्षांतही नाही. नेल्सन नाचत नाचत आमच्यासमोर आला आणि त्यानं तिच्यापुढे हात केला. ती उठली, साडीचा पदर खोचून घेतला आणि त्याच्याबरोबर नाचायला गेली.